थांबवून ठेवलेला चेहरा

'कॅसेटवरून डिस्क करून मिळेल' अशी पाटी नवऱ्यानं दुकानाबाहेर लावली आणि माझ्या नशिबी वाट बघणं आलं. पाटी त्याची, हौस त्याची, कॉम्प्युटरसमोर बसायला मात्र मी. तो कॅमेरा खांद्याला लावून श्रीगोंद्यापासून शेवगावपर्यंत लग्नं फिरायचा, पंगतीत जेवून यायचा आणि दमलो दमलो म्हणायचा. मी माळीवाड्याच्या स्टँडजवळच्या आमच्या गाळ्यात खुर्चीवर बसून दमायचे. बसून दमलेल्या माणसाचं कुणी खरं धरत नाही.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. लोकांच्या कॅसेटांना बुरशी धरायला लागली होती आणि डिस्कचे प्लेअर बाजारात स्वस्त झाले होते, त्यामुळे जो उठायचा तो लग्नाची कॅसेट घेऊन आमच्याकडे. काम ऐकायला सोपं. व्हीसीआरमध्ये कॅसेट घालायची, वायर कॉम्प्युटरला जोडायची आणि ती कॅसेट उतरवून घ्यायची. पण तीन तासांचं लग्न उतरायला तीनच तास लागतात, त्यात घाई चालत नाही. मग ती फाइल प्लेअरला कळेल अशा जातीची करायला निम्मा दिवस. ती एका डिस्कवर मावत नाही म्हणून तिचे तुकडे पाडायचे. आणि मग डिस्क राइट करायची, तेवढा वेळ कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. तो मध्येच अडखळला की डिस्क वाया. समोरून ट्रक धडधडत गेला तरी मी श्वास रोखून बसायचे, जसं काही माझ्या श्वासावरच सगळं अडलं होतं.

वाया गेलेल्या डिस्क सासूबाईंनी घरच्या कढीपत्त्याला टांगल्या होत्या. त्यांच्या चकचकाटानं चिमण्या येत नाहीत म्हणायच्या. चिमण्या येत होत्या, पण सासूबाईंना हे सांगणार कोण.

एवढं सगळं जमून डिस्क दुकानात चालली तरी गिऱ्हाइकाच्या घरी चालेल याची खात्री नाही. एकेका प्लेअरचे एकेक नखरे. कुणाला निळसर डिस्क चालायची नाही, कुणाला हिरवट. कुणाच्या टीव्हीवर सगळे रंग उडून नवरी काळीपांढरी व्हायची आणि चित्र खालून वर पळत राहायचं. लोक परत यायचे ते तावातावानं, मीच त्यांचं लग्न मोडलं अशा थाटात. शेवटी मी नियम केला, डिस्क न्यायला येताना घरचा प्लेअर घेऊन या. मग लोक एसटीतून मांडीवर प्लेअर घेऊन यायचे, टॉवेलात गुंडाळलेला, लहान लेकराला दवाखान्यात आणावं तसा.

त्या वर्षी गणपती बसले होते तेव्हा एक तरुण गिऱ्हाईक आलं. सुप्याच्या एमआयडीसीत कामाला होता, अंगात कंपनीचाच शर्ट. गाव सुप्याच्या आत कुठेतरी. त्यानं पिशवीतून कॅसेट काढली आणि दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरली. बहिणीच्या लग्नाची कॅसेट होती. खराब व्हायला लागली आहे, डिस्क करून द्या, आणि काही करून अविधवा नवमीच्या आत द्या, असं त्याचं म्हणणं. नवमी म्हणजे पितृपंधरवड्यातला दिवस, नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांना त्या दिवशी जेवू घालतात. लग्नाच्या कॅसेटचा आणि नवमीचा काय संबंध ते मला कळेना. आधीच समोरच्या मंडळाचा भोंगा सकाळपासून कानात ओरडत होता. दिवस कमी आहेत, बघू, असं मी तुटक बोलले.

तो गेला नाही. तिथंच उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, माझ्या आईचा फोटो न्हाई. ह्याच्यातच हाय ती."

मग त्यानं थोडक्यात सांगितलं. बहिणीचं लग्न झालं आणि दोन वर्षांत आई गेली. फोटोला उभं राहायचं म्हटलं की ती पदर ओढून आत जायची. लग्नाच्या अल्बममध्ये एका फोटोत ती आहे, पण पुढे उभ्या असलेल्या पाहुण्याच्या फेट्यानं तिचा चेहरा झाकलेला. मतदार ओळखपत्राचे फोटो काढायला माणसं गावात आली तीही आई गेल्यानंतर. भिंतीवर लावायलासुद्धा काही नव्हतं. या कॅसेटमध्ये मात्र शेवटी शेवटी, पाठवणीच्या वेळी, तिचा चेहरा समोरून दिसतो. ज्यानं शूटिंग केलं त्याच्याकडे मूळ कॅसेट मागायला गेले तर तिच्यावर त्यानं केव्हाच दुसरं लग्न घेतलेलं. सगळे तसंच करायचे, आम्हीही. मी कॅसेट ठेवून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लावली. साखरपुडा, हळद, वरात, बँड, आहेर, सगळं स्वच्छ उतरत होतं. मी समोर बसून भाजी निवडत होते. पाठवणी आली. मंडपाचा खांब धरून एक बाई उभी होती, जांभळं पातळ, रडून चेहरा सुजलेला, कॅमेऱ्याकडे लक्ष नाही. हीच असणार असं मी मनाशी म्हणते तोवर पडद्यावर पांढऱ्या रेघा आल्या, आवाज घोगरा झाला, चित्र निळं पडलं आणि कॉम्प्युटर गप्प झाला. माउस हलेना. बंद करून चालू केला तर सकाळपासून उतरवलेली फाइलही गेलेली. मी निवडलेली भाजी तशीच ठेवून घरी गेले.

व्हीसीआरचं हेड घाण झालं असेल असं वाटून ते स्पिरिटनं पुसलं आणि कॅसेट परत लावली. परत तेच लग्न, तोच बँड, आहेर पुकारणारा तोच माणूस. पाठवणीला तोच खांब, तीच बाई, आणि त्याच जागी चित्र मेलं. पुढे नवरी जीपमध्ये बसते तिथपासून परत सगळं धुतल्यासारखं स्वच्छ. कॅसेट उघडून बघितली. बुरशी असती तर ती सगळीकडे असती, पाठवणी बघून कशाला धरेल? फीत फक्त तेवढ्याच जागी पातळ झाली होती, उजेडात धरली की घासलेली दिसायची.

तो चौकशीला आला तेव्हा मी सरळ विचारलं, या जागी तुम्ही काय करता? तो म्हणाला, दर वर्षी नवमीला घरात टीव्हीसमोर पाट मांडतात. कॅसेट लावून आईच्या चेहऱ्यावर पॉज करतात. टीव्हीला हार, हळदकुंकू, समोर नैवेद्याचं ताट. सवाष्ण जेवून उठेपर्यंत आई पडद्यावर असली पाहिजे. वर्षश्राद्धालाही तसंच. दिवाळीला बहीण माहेरी आली की तिलाही आई तशीच थांबवून दाखवायची.

मी म्हटलं, अहो, पॉज केलं की आतलं हेड एकाच जागी फितीवर गरागरा फिरत राहतं, फीत झिजते. म्हणून तर व्हीसीआर पाच मिनिटांनी आपोआप पॉज सोडून देतो.

"व्हय, सोडायचा," तो म्हणाला. "मंग मी परत दाबायचो."

मला राग आला. यंत्राला कळत होतं, यंत्र सोडून देत होतं, आणि यांनी पुन्हा पुन्हा धरून ठेवलं. ज्या जागेसाठी कॅसेट जपली तीच जागा सगळ्यांनी मिळून घासून टाकली, बाकीचे तीन तास कुणी बघितलेसुद्धा नाहीत. हे सगळं त्याला ऐकवावं असं ओठावर आलं होतं. पण तो शर्टाचं बटण चाचपत उभा होता आणि मला त्याच्याकडे बघवेना. प्रयत्न करते, एवढंच म्हणाले.

मग मी हट्टालाच पेटले. नवऱ्याचा जुना व्हीसीआर माळ्यावरून काढला, कारण त्याला चित्र हातानं सावरायची चकती होती. ती केसाकेसानं फिरवत बसले. फीत दुसऱ्या कॅसेटच्या डबीत घालून बघितली. एकदा उलटी गुंडाळून परत सरळ केली. पाठवणीपुरता तुकडा वेगळा उतरवून बघितला. चेहरा यायचा तो क्षणभर, त्यावर आडव्या तीन रेघा, डोळ्यांच्या जागी एक, आणि मग पडद्यावर नुसत्या मुंग्या. दर खेपेला तो क्षणही थोडा आखूड व्हायचा. घासलेल्या जागेवर मीही घासतच होते, हे ध्यानात आल्यावर मी हात काढून घेतला.

नवरा म्हणाला, तेवढा तुकडा काप आणि दे, कॅसेटच खराब होती म्हणून सांग. त्याचं खोटं नव्हतं. मंडळांच्या शूटिंगनं तो वैतागलेला होता, त्याच्या पायांना फोड आले होते. मी हो म्हटलं आणि राहिलेला भाग उतरवायला परत पहिल्यापासून लावली.

ते लग्न मला आता पाठ झालं होतं. आहेर पुकारणाऱ्याला कुठे खोकला येतो तेही माहीत होतं. नवरा-नवरीकडे बघायचा तर मला मनापासून कंटाळा आला होता, म्हणून नजर आपोआप कडेला जायची. कोण जांभया देतंय, कोण पोराला धपाटा घालतंय. आणि हळदीच्या वेळी मागून एक जांभळं पातळ गेलं. हातात पाण्याची बादली, एक खांदा खाली झुकलेला, पाऊल थोडं फेंगडं टाकत, भराभर. चित्राच्या एका कडेनं आली आणि दुसऱ्या कडेनं निघून गेली.

मी फीत मागे घेतली. पॉज केलं नाही, ते धाडस नव्हतं. नुसती परत बघितली. तीच बाई. मग मला ती जिथंतिथं दिसायला लागली. वरातीच्या स्वागताला बायका ओळीनं उभ्या, तर ही त्यांच्या मागून तांब्या पुढे सरकवते. पंगतीत वाढप्याच्या हातातून बुंदीची परात काढून घेते, त्याला काहीतरी सुनावते आणि स्वतः वाढत सुटते. एका जागी कॅमेरा तिच्याकडे वळतो तशी ती हसून हातानं त्याला हाकलते आणि पाठ फिरवते. बँड थांबतो तिथं तिचा आवाजसुद्धा आहे, "अगं, म्हाताऱ्यांना पानी बघा आधी." उतारवयातल्या बायकांचा असतो तसा, दिवसभर ओरडून बसलेला आवाज. शूटिंगवाल्याला ती कधीच नको होती. ती त्याच्या चित्रातून सारखी आडवी जात होती, एवढंच.

मी ते तुकडे वेगळे काढले. कुठला दोन श्वासांएवढा, कुठला जरा मोठा. एकामागे एक जोडले. मला कुणी सांगितलं नव्हतं आणि तेवढ्यात दुसऱ्या दोन गिऱ्हाइकांचं काम झालं असतं. का केलं विचाराल तर मला नीट सांगता येणार नाही. एवढंच आठवतं की मला फार वाईट वाटत होतं. त्या घरात आई म्हणून दर वर्षी जी समोर ठेवली जात होती ती रडणारी होती. बाकी सगळ्या लग्नात ती रडत नव्हती.

नवमीच्या आदल्या दिवशी दुपारी तो प्लेअर घेऊन आला. बरोबर त्याचे वडील होते. धोतर, टोपी, हातात काठी. गाळ्याची पायरी चढून ते स्टुलावर बसले आणि काठी गुडघ्यांमध्ये उभी धरली. मी लग्नाच्या डिस्क त्याच्या हातात दिल्या आणि जे सांगायचं ते सांगून टाकलं. पाठवणीतला चेहरा नाही मिळाला, दादा. फीत तिथं झिजून संपलीय.

तो डिस्क हातात उलटीसुलटी करत राहिला. वडिलांनी विचारलं, "मंग काय मिळालं, ताई?"

आणखी एक डिस्क आहे, म्हटलं, बघा. त्यांचा प्लेअर आमच्या टीव्हीला जोडला आणि जोडलेल्या तुकड्यांची ती डिस्क घातली. प्लेअर घरघरला, विचार केल्यासारखा थांबला आणि 'नो डिस्क' म्हणाला. पुसून घातली. नो डिस्क. आमच्या प्लेअरमध्ये तीच डिस्क गुमान चालत होती. निळसर डिस्क होती, त्यांच्या प्लेअरला ती चालत नव्हती. खुर्चीत पाठ टेकून डोळे मिटून घ्यावेत असं मला झालं. पण समोर ते दोघं बसले होते आणि नवमी उद्यावर आली होती. ड्रॉवरमध्ये दुसऱ्या जातीची, हिरवट, एकच कोरी डिस्क होती. सगळ्यात कमी वेगावर राइट करायला लावली. त्यांना सांगितलं, आता कुणी हलायचं नाही. ते खरंच हलले नाहीत. वडिलांसमोरच्या चहावर निवून साय धरली तरी त्यांनी कप उचलला नाही.

डिस्क बाहेर आली ती कोमट होती. घातली. प्लेअर घरघरला, थांबला, आणि टीव्हीवर हळदीचा मंडप आला.

बादली घेऊन ती गेली. तांब्या सरकवून गेली. परात घेऊन वाढत गेली. मुलगा पुढे वाकून बघत होता, ओळखू न आल्यासारखा. वडिलांनी मात्र पहिल्याच तुकड्याला काठी बाजूला ठेवली.

"पाय बघ तिचा," ते मुलाला म्हणाले. "डावा. तसाच टाकायची."

मग ती कॅमेऱ्याला हसून हाकलायला लागली. मुलाचा हात सवयीनं रिमोटकडे गेला. इतक्या वर्षांत आई दिसली की तो तेच करत आला होता. अंगठा बटणावर गेला असेल-नसेल तोच वडिलांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"थांबवू नको."

तोवर ती पाठ फिरवून गेलीही होती. बँड थांबला, म्हाताऱ्यांना पाणी बघा म्हणाली, आणि संपलं. एवढंच होतं. मुलानं डोळे पुसले आणि जरा वेळानं, खरोखरच अडचण पडल्यासारखं, त्यानं वडिलांना विचारलं की मग उद्या नैवेद्य दाखवायचा कसा. ती समोर थांबलेली तर पाहिजे ना.

म्हाताऱ्यानं रिकाम्या पडद्याकडेच बघत उत्तर दिलं.

"जिती हुती तवा कवा थांबून जेवली ती?"

मुलानं रिमोट खाली ठेवला. बाहेर स्टँडवर कंडक्टर पारनेर, पारनेर ओरडत होता. मग वडिलांनी निवलेला चहा एका घोटात संपवला आणि मला म्हणाले, परत एकदा लावा. मी लावली.